परतीच्या वाटेवरच्या नद्या

सहलीला निघण्याची तयारी घरात आठवडाभर चालते. परतीची तयारी मात्र कोणी करीत नाही. जाताना थर्मास भरलेला असतो, औषधांची पिशवी हाताशी असते, कोणी कुठे बसायचे हेही ठरलेले असते. परतताना सामान मिळेल तसे डिकीत कोंबले जाते, ओल्या टॉवेलांखाली औषधे जातात आणि गाडी सुरू झाली की प्रत्येकाच्या मनात एकच घोर असतो, कधी एकदा घरी पोचतो. साताऱ्यात गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवताना मी पाहत आले आहे की जोडून आलेल्या सुट्ट्या संपल्या की पुढच्या दोन-तीन दिवसांत ज्येष्ठ रुग्णांची वर्दळ वाढते. पायांना सूज, लघवीची जळजळ, चार दिवस साफ न झालेले पोट, गाडीतून उतरताना आलेली भोवळ. नीट विचारपूस केली, तर यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ सहलीच्या ठिकाणापेक्षा परतीच्या गाडीत सापडते.

यंदा जानेवारीच्या अखेरीस आम्ही पाच जण भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री राहून आलो. यजमान, मी, मुलगा, मुलगी आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यांना रक्तदाबाचा विकार जुना आहे आणि हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती थोडी उणावली आहे, म्हणून रोज सकाळी लघवी होण्याची एक गोळी असते. ‘एवढ्या थंडीत, या वयात तंबू कशाला?’ असे नातेवाइकांनी विचारले. त्याला सासूबाईंनीच उत्तर दिले, “आमच्या लहानपणी सुगीत मळ्यात खोपीतच निजायचो आम्ही. तुमचा तंबू त्याहून बरा असेल की!”

तंबू खरोखरच बरा होता. प्रवरा अडवून बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्यामागचा जलाशय आर्थर लेक या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या काठाकाठाने आता शेंडी व आसपासच्या गावांतली मंडळी पाहुण्यांसाठी तंबू लावतात. पहाटे पाण्यावरून धुके उठते, उन्हे वर आली की १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर स्वच्छ दिसते. रात्री शेकोटीपाशी पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा आणि तळलेले पापड. आमच्या यजमानीणबाईंनी सासूबाईंसाठी न सांगता खाट टाकून दिली होती, ही त्यांची जाण मला फार मोलाची वाटली. सांधे आखडलेल्या माणसाला जमिनीवरच्या गादीवरून पहाटेच्या थंडीत उठणे हे काही सोपे काम नव्हे. एकच अडचण होती. शौचालय तंबूपासून चाळीस-पन्नास पावलांवर होते, आणि वाट दगडांची. रात्री तिथे जायचे म्हणजे कोणाला तरी उठवायचे, बॅटरी घ्यायची, शाल गुंडाळायची. थंडीत लघवीही जास्त होते. सासूबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, “आता मला पाणी नको बाई,” आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या हातातला पेला अर्धाच रिकामा होत राहिला.

परतीच्या दिवशी साडेनऊला निघालो. भंडारदरा ते सातारा हे अंतर ३०० किलोमीटरच्या आतबाहेर. राजूर मागे टाकून रस्ता अकोल्याकडे उतरू लागला की प्रवरा सोबतीला येते. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचे कोंभाळणे गाव याच तालुक्यातले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अकोल्याचे नाव राज्याबाहेरही पोचले. अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. सासूबाईंनी दर्शन घेतले, देवळाच्या पायऱ्या माझा हात धरून उतरल्या, आणि मी पुढे केलेली पाण्याची बाटली तोंडाला न लावताच परत दिली. ज्या ऋषींनी एका आचमनात समुद्र प्राशन केला, त्यांच्या दारात!

संगमनेरच्या पुढे पुलावरून प्रवरा ओलांडली, तेव्हा सासूबाईंनी काचेतून हात जोडले. पुढे घारगावला मुळा आली, पुन्हा हात जोडले. त्यांचा हा नेम जुना आहे. नदी आली की नमस्कार. मुलीला त्याची गंमत वाटली आणि तिने नद्यांची यादी करायला घेतली. खरोखर पाहण्यासारखी गोष्ट आहे ही. प्रवरा आणि मुळा या दोन्हींचे पाणी गोदावरीला मिळते. घारगाव ओलांडून आळेफाट्याकडे येताना आपण न कळत एक पाणलोट मागे टाकतो. त्यापुढच्या कुकडी, मीना, घोड, भीमा, इंद्रायणी, पवना या साऱ्यांचे पाणी शेवटी कृष्णेत जाते. पुण्यात पुन्हा एक मुळा भेटते, पण ती वेगळी. घारगावच्या मुळेचे पाणी पैठणच्या दिशेने, पुण्याच्या मुळेचे पंढरपूरच्या. शाळेत भूगोल शिकलेल्यांनाही हे गाडीतून जाताना सुचत नाही.

आळेफाट्याला पाय मोकळे करायला आणि जेवायला थांबलो. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि चपलेचा अंगठा नीट बसेना. सकाळी तीच चप्पल सहज सरकली होती. मी त्यांना खुर्चीवर बसवून नडगीच्या खालच्या भागावर अंगठ्याने थोडा वेळ दाबून पाहिले. खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही. दोन्ही पायांना सारखाच. दोन्ही पायांना सारखी आहे की एकालाच, ही बाब महत्त्वाची असते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायची आणि घर गाठण्याऐवजी जवळचे रुग्णालय गाठायचे. सोबत अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर १०८ ला फोन करायचा.

“आई, सकाळची गोळी घेतलीत ना?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मुलगा आणि नातू ऐकत नाहीत असे पाहून हळूच म्हणाल्या, “दोन दिवस घेतली नाही गं. ती घेतली की सारखं उठावं लागतं. तिथं रात्रीचं तुम्हाला कुणाला उठवायचं? आणि आज तर गाडी. माझ्यापायी सगळे खोळंबतात. ही पोरं काही बोलत नाहीत, पण आपल्याला कळतं.”

हे वाक्य मी दवाखान्यात वेगवेगळ्या तोंडांनी किती वेळा ऐकले असेल! प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी टाळणे, आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडणे, सकाळचा चहादेखील नाकारणे, ही आपल्याकडच्या वयस्क स्त्रियांची अतिशय विचारपूर्वक केलेली व्यवस्था असते. त्याला आपण विसरभोळेपणा म्हणतो, हट्ट म्हणतो, आणि औषधांच्या डब्या बदलत बसतो. त्यांना सगळे आठवत असते. त्या फक्त हिशेब करीत असतात की आपल्या शरीराची गैरसोय दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये. पुरुष मंडळी गाडी कडेला घेऊन मोकळी होतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असते. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही हाच हिशेब करतात, फक्त तो बायकोलाही सांगत नाहीत.

त्या हिशेबात एक मोठी चूक असते, ती समजावून सांगायला हवी. पायांवर सूज आहे म्हणजे शरीरात पाणी जास्त झाले, मग न प्यायलेले बरेच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. पायांत उतरलेले पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर, पेशींभोवती साचलेले असते; ते तहान भागवायला कामी येत नाही. गोळी चुकली, दोन रात्री पापड-ठेच्यातून मीठ जास्त गेले, त्यात तीन तास पाय लोंबकळत ठेवून बसणे झाले, म्हणून पाय सुजले. दुसरीकडे तोंड कोरडे, लघवी गडद पिवळी, आणि उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी. लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवली की जंतुसंसर्गालाही आमंत्रण मिळते. मात्र ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मी कधी देत नाही. अशा रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी दिवसाचे माप ठरवून दिलेले असते. ते माप प्रवासातही पाळायचे, घोट घोट करून, पण पूर्ण.

मी त्यांची नाडी पाहिली, श्वास मोजले, सोबतच्या यंत्रावर रक्तदाब घेतला. दम नव्हता, रात्री आडवे झोपताना घुसमट झाली नव्हती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलले आणि त्या दिवसाची एक गोळी तिथेच दिली. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात, हे येथे मुद्दाम सांगते. आणि प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ मागेपुढे करायची असेल, तर ते निघण्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठरवता येते. बहुतेक वेळा काही ना काही मार्ग निघतो. मी विचारायच्या आत सासूबाईंनीच विचारले, “आता दर घटकेला थांबावं लागणार, मग?” म्हटले, “थांबायचं. थांबायची जागा शोधणं माझं काम, आई. तुम्ही फक्त सांगायचं.”

मग गाडीची मांडणी बदलली. त्यांना पुढच्या आसनावर घेतले, आसन शक्य तितके मागे सारले, पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून आणि खांद्यावरून जाईल असा लावला. टाच टेकवून चवडा वर-खाली करायचा, दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा. पोटरीचे स्नायू आवळले की पायांतले रक्त वर ढकलले जाते. नातीने हे काम नद्यांना जोडून दिले. नदी आली की नमस्कार, नमस्कारानंतर पाण्याचे दोन घोट, मग पायांचा व्यायाम. आश्चर्य म्हणजे हे पथ्य त्यांनी बिनतक्रार पाळले.

नारायणगावला मीनेचा पूल. द्राक्षांचा हंगाम, रस्त्याच्या कडेला पेट्या रचलेल्या. जवळच खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिच्याविषयी मुलगा बराच वेळ बोलत होता. सासूबाईंना मात्र नारायणगाव म्हटले की विठाबाई आठवतात. जत्रांच्या हंगामाआधी सुपाऱ्या ठरवण्यासाठी येथे तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात. “त्या राहुट्यांत त्यांची बायामाणसं महिनोन्‌महिने राहायची, गावोगाव हिंडायची,” त्या म्हणाल्या. “त्यांनी कसं भागवलं असेल गं?” कशाविषयी त्या बोलत होत्या, ते मला लगेच कळले.

पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य उपलब्ध असायला हवे, असा दंडक आहे. इंधन घेतले नाही तरी विचारायला संकोच नको. पण ‘उपलब्ध’ आणि ‘वापरण्याजोगे’ यांत आपल्याकडे अजून बरेच अंतर आहे. एका पंपावर कुलूप होते आणि किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता. दुसरीकडे दार लागत नव्हते. मी बाहेर ओढणी धरून उभी राहिले. गुडघे वाकत नसतील तर उकिडवे बसायचे भांडे असून नसल्यासारखे. माझ्या ओळखीचे एक कुटुंब डिकीत घडीची कमोड खुर्ची आणि जुनी सतरंजी आडोशाला ठेवते. प्रथम मलाही ते अति वाटले होते. आता वाटत नाही. गुडघे गेलेल्या आईला घेऊन ते दरवर्षी तुळजापूरला जाऊन येतात.

मंचरपाशी अडीच वाजले आणि मुलाच्या जांभया सुरू झाल्या. दुपारी दोन ते चार ही शरीराच्या घड्याळातलीच उताराची वेळ आहे. त्यात दोन रात्रींची अपुरी झोप आणि पोटात जेवण. अशा वेळी काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही, ती फक्त काही मिनिटे लपते. उपाय एकच, सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपणे. निजण्याआधी चहा घेतला तर उत्तम, कारण त्याचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मुलगा झोपला, सासूबाई झाडाखाली चार फेऱ्या चालल्या. राजगुरुनगरला, भीमेच्या अलीकडे, आम्ही आणखी एकदा थांबलो, कारण पुढे चाकण होते. चाकणच्या कोंडीत एकदा सापडले की थांबायची सोय उरत नाही, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

व्हायचे तेच झाले. कारखान्यांच्या मालमोटारींमागे दीड तास गेला. इंद्रायणी, पवना आणि दुसरी मुळा ओलांडून बाह्यवळण मार्गाला लागेपर्यंत दिवस मावळला. येथे आमच्या गाडीत मतभेद झाले. सातारा आणखी दोन-अडीच तास. यजमानांना सकाळी कामावर हजर व्हायचे होते. “आता एवढं आलोच आहोत, तर काढू की ओढून,” ते म्हणाले. परतीच्या प्रवासातले हे मला सर्वांत भीतिदायक वाक्य वाटते. मुलगा दिवसभर गाडी चालवून थकलेला. यजमान अठ्ठावन्न वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात; समोरच्या दिव्यांचा झोत आला की त्यांना क्षणभर काही दिसत नाही. वाढत्या वयात बाहुली अंधारात पूर्वीइतकी विस्फारत नाही, त्यामुळे दिवसा उत्तम दिसणाऱ्या माणसालाही रात्री कमी दिसते. गळीत हंगाम सुरू होता, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या, आणि पुढे खंबाटकीचा घाट. सासूबाई म्हणत होत्या, “मला काही होत नाही. चला घरी.”

मी वाद घातला नाही. वारज्याला मुठेच्या पुलापासून जवळच नणंद राहते. तिला फोन केला. ती म्हणाली, “वहिनी, कुकर लावते. तुम्ही या आधी.” यजमान थोडे नाराज झाले, त्यांनी कार्यालयात उशिरा येण्याचा निरोप पाठवला. त्या रात्री सासूबाई लेकीच्या घरी तीनदा उठल्या. दर वेळी नणंद जागी होती आणि मार्गिकेत दिवा चालू होता. सकाळी घोट्याची हाडे पुन्हा दिसू लागली होती.

दुसऱ्या दिवशी आठला निघालो. शिरवळला नीरा, घाट ओलांडून भुईंजला कृष्णा, आणि साताऱ्याच्या वेशीवर वेण्णा. नातीची यादी पूर्ण झाली, तेरा नद्या. घरी पोचल्यावर सासूबाईंचे वजन केले. निघण्यापूर्वी वहीत लिहिले होते त्यापेक्षा सव्वा किलो जास्त भरले. पुढचे आठ दिवस रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन घ्यायचे ठरवले. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसते, पाण्याचे असते, आणि डॉक्टरांना कळवायचे असते. सासूबाईंचे चौथ्या दिवशी मूळ आकड्यावर आले.

ती पहिली रात्र मात्र मी सावध होते. प्रवासाने शिणलेले माणूस आपल्याच घरात रात्री अडखळते. दोन रात्री तंबूत आणि एक परक्या खोलीत काढल्यावर दार कोणत्या बाजूला, याचा अंदाज अर्धवट झोपेत चुकतो. आमच्या पिशव्या, तंबूतल्या दुलया आणि रिकामा थर्मास अजून न्हाणीघराच्या वाटेतच पडले होते. जेवणे झाल्यावर मुलाने ते सारे उचलून माडीवर नेले.